अरबी समुद्रातील सूक्ष्मजीवांचे वितरण आणि सागरी परिसंस्थेची गणिती प्रतिमाने : एक अभ्यास

गोषवारा : सागरी परिसंस्थेच्या प्रचलित गणिती प्रतिमानांमध्ये सूक्ष्मजीवांना बहुधा एकाच सरासरी घटकाच्या रूपाने स्थान दिले जाते. अरबी समुद्राच्या संदर्भात ही पद्धत अपुरी का पडते, कोणता सूक्ष्मजीव कोठे, किती खोलीवर व कोणत्या ऋतूत आढळतो या माहितीमुळे प्रतिमानांची मांडणी कशी बदलते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व इतर संस्थांच्या प्रकाशित संशोधनाचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : अरबी समुद्र, सूक्ष्मजीव, प्लवक, विनायट्रीकरण, प्राणवायू-न्यून पट्टा, गणिती प्रतिमान.

प्रस्तावना

मालेगावातून वाहणारी मोसम नदी शहराजवळच गिरणेला मिळते, गिरणा जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या कसमादे पट्ट्यातील शेतकऱ्याच्या बोलण्यात समुद्राचा उल्लेख क्वचितच येतो. तरीही त्याच्या कांद्याच्या वाफ्यातून वाहून जाणाऱ्या पाण्याची अंतिम दिशा समुद्राकडेच असते आणि जून महिन्यात ज्या वाऱ्यांची तो वाट पाहतो ते वारेही त्याच समुद्रावरून येतात. त्यामुळे अरबी समुद्रात काय घडते हा प्रश्न केवळ किनाऱ्यावरील लोकांचा नाही.

या शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. चिबड जमिनीत, म्हणजे जेथे पाणी साचून राहते अशा रानात, युरिया टाकला तरी पीक पिवळे पडते. याचे एक महत्त्वाचे कारण असे की, पाण्याने भरलेल्या मातीत हवा शिरत नाही, प्राणवायू संपतो आणि मग काही जीवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेटचा वापर करू लागतात. पिकासाठी टाकलेला नत्र वायुरूप होऊन हवेत निघून जातो. या क्रियेस विनायट्रीकरण असे म्हणतात. हीच क्रिया अरबी समुद्राच्या पोटात शेकडो मीटर जाडीच्या थरात अखंड चालू असते. खुल्या महासागरात ही क्रिया मोठ्या प्रमाणावर चालते असे तीनच प्रदेश जगात आहेत. पैकी दोन पॅसिफिक महासागराच्या पूर्व भागात आहेत आणि तिसरा आपला अरबी समुद्र होय.

समुद्रातील या घडामोडींचा अंदाज बांधण्यासाठी शास्त्रज्ञ गणिती प्रतिमानांचा आधार घेतात. तापमान वाढल्यास मासळीचे काय होईल, समुद्र किती कार्बन शोषून घेईल, प्राणवायूचा तुटवडा कोठवर पसरेल, या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळत नाहीत. ती संगणकावरच शोधावी लागतात. परंतु संगणकाला समुद्रातील जीवसृष्टी कोणत्या रूपात सांगितली जाते यावर त्या उत्तरांची विश्वसनीयता अवलंबून असते, आणि अरबी समुद्राच्या बाबतीत नेमकी अडचण तेथेच आहे.

प्रतिमान म्हणजे काय?

सागरी परिसंस्थेचे साधे प्रतिमान ही एक प्रकारची खतावणी असते. तिच्यात बहुधा चार खाती असतात : पाण्यातील पोषकद्रव्ये, ती शोषून वाढणारे वनस्पती-प्लवक, त्यांना खाणारे प्राणी-प्लवक आणि मृत अवशेष. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात किती नायट्रोजन गेला हे समीकरणांनी मांडले जाते आणि ही समीकरणे सागरी प्रवाह, वारा, तापमान यांच्या समीकरणांशी जोडली जातात. अरबी समुद्रासाठी अशा चार घटकांचे प्रतिमान मॅक्रिअरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. मोसमी वाऱ्यांच्या बदलत्या दिशेनुसार प्लवकांचा बहर कोठे व केव्हा येतो, याचे ठळक चित्र त्या प्रतिमानाने चांगल्या प्रकारे उभे केले. त्याचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.

मात्र या खतावणीत जीवाणूंना स्वतंत्र खाते नसते, आणि असलेच तर एकच असते. मृत अवशेषांचे विघटन ठरावीक वेगाने होते असे गृहीत धरले की जीवाणूंचा उल्लेख न करताही हिशेब पुरा होतो. मालेगावातील सर्व यंत्रमागांची एक सरासरी काढून शहराचे वर्षाचे कापड मोजावे, तसा हा प्रकार आहे. बेरीज कदाचित जुळेलही, पण कोणता माग सुताअभावी बंद आहे आणि कोणता दोन पाळ्या चालतो हे त्यातून कळत नाही. पुढच्या वर्षी सुताचा भाव वाढला तर काय होईल, हे तर मुळीच कळत नाही.

न दिसणाऱ्यांची गणना

समुद्राच्या पृष्ठभागाजवळील एक मिलीलिटर पाण्यात साधारणतः पाच ते दहा लाख जीवाणू असतात व विषाणूंची संख्या त्याच्या सुमारे दहापट असते. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे समुद्रात होते आणि ते बहुतांशी डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांकडून होते. असे असूनही यांतील काही अत्यंत विपुल जीव विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अज्ञातच होते. प्रोक्लोरोकॉकस हा प्रकाशसंश्लेषी जीवाणू अवघा ०.६ मायक्रॉन व्यासाचा आहे. असे सुमारे शंभर जीवाणू शेजारी शेजारी ठेवले तर माणसाच्या एका केसाची जाडी भरते. सॅली चिझम, रॉबर्ट ओल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लो सायटोमीटर हे उपकरण जहाजावर नेले म्हणून तो सापडला. त्याविषयीचा शोधनिबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वीवरील सर्वाधिक संख्येचा प्रकाशसंश्लेषी जीव आज याच जीवाणूला मानले जाते.

प्रोक्लोरोकॉकसचे अरबी समुद्रातील वास्तव्य विशेष लक्षणीय आहे. सर्वसाधारणपणे वनस्पती-प्लवक म्हटले की प्रकाशाने उजळलेला वरचा थर डोळ्यांपुढे येतो. परंतु जेथे प्राणवायू जवळजवळ नाहीसा होतो अशा खोल, अंधुक थराच्या माथ्यावर हरितद्रव्याची दुसरी वाढ आढळते आणि ती मुख्यतः प्रोक्लोरोकॉकसच्या मंद प्रकाशात जगणाऱ्या जातींमुळे असते, असे गोएरिके व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले. पुढे पॅसिफिकमधील अशाच थरांत झालेल्या अभ्यासातून असे दिसले की, हे जीवाणू तेथे प्राणवायू निर्माण करतात आणि शेजारचे जीवाणू तो तत्क्षणी वापरून टाकतात. मोजणाऱ्याच्या उपकरणावर प्राणवायू शून्यच दिसतो. जमा आणि खर्च दोन्ही मोठे असूनही शिल्लक शून्य असावी, अशी ही स्थिती आहे. केवळ शिल्लक पाहणाऱ्या प्रतिमानाला हा व्यवहार कधीच दिसणार नाही.

प्राणी-प्लवकांचे कोडे

अरबी समुद्रात वर्षातून दोनदा बहर येतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यालगत आणि काही प्रमाणात भारताच्या नैऋत्य किनाऱ्यालगत खालचे पोषक पाणी वर येते. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या, थंड वाऱ्यांमुळे ईशान्य अरबी समुद्राचे वरचे पाणी गार व जड होऊन खाली बसते व त्याच्या जागी खालचे नायट्रेटयुक्त पाणी मिसळते. हिवाळी बहरामागील ही यंत्रणा एम. मधुप्रताप, एस. प्रसन्न कुमार व राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उलगडून दाखवली. दोन बहरांच्या मधले महिने मात्र ओसाड असतात. पाणी निळेशार व स्वच्छ असते आणि वनस्पती-प्लवक अगदी तुरळक असतात.

साध्या खतावणीनुसार या ओसाड महिन्यांत प्राणी-प्लवकांचीही उपासमार व्हावयास हवी. प्रत्यक्षात संस्थेच्या सर्वेक्षणात पृष्ठभागाजवळच्या थरात प्राणी-प्लवकांचे वजन वर्षभर फारसे बदललेले आढळले नाही. हेच ‘अरबी समुद्राचे कोडे’ म्हणून ओळखले जाते. मधुप्रताप व सहकाऱ्यांनी याचे जे स्पष्टीकरण दिले त्याचा केंद्रबिंदू सूक्ष्मजीव हा आहे. बहराच्या काळात प्लवकांच्या पेशींतून पाण्यात झिरपलेले विद्राव्य सेंद्रिय पदार्थ जीवाणू शोषून घेतात, जीवाणूंना एकपेशीय आदिजीव खातात आणि आदिजीवांना प्राणी-प्लवक खातात. बहर ओसरल्यानंतरही ही साखळी चालू राहते. फारूक आझम व इतरांनी १९८३ मध्ये मांडलेल्या ‘सूक्ष्मजीवी वलया’च्या संकल्पनेचे अरबी समुद्र हे एक ठळक उदाहरण ठरले. ज्या प्रतिमानात हे वलय नाही, त्यात आंतरमोसमी महिन्यांतील प्राणी-प्लवक आणि पर्यायाने त्यांच्यावर जगणारी मासळी, यांचा आकडा चुकणे अपरिहार्य आहे.

नायट्रोजन कोण घालवतो?

अरबी समुद्र उत्तरेस जमिनीने बंद आहे. वरच्या थरात उत्पादन भरपूर, खाली बुडणारे अवशेष भरपूर आणि त्यांच्या विघटनासाठी लागणाऱ्या प्राणवायूचा पुरवठा मात्र मंद. परिणामी साधारण १५० मीटरपासून १००० मीटरपर्यंत प्राणवायू अत्यंत कमी असलेला पट्टा तेथे कायमचा आहे. या पट्ट्याच्या वरच्या भागात नायट्राइट साचलेले आढळते, आणि ते विनायट्रीकरणाची क्रिया अर्ध्यावर असल्याची खूण आहे. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून निघालेल्या जॉन मरे मोहिमेतच ही खूण नोंदली गेली होती. म्हणजे सूक्ष्मजीवांच्या हातची निशाणी आधी सापडली आणि ते सूक्ष्मजीव कोण याचा शोध पुढे कित्येक दशके चालू राहिला. दरम्यान आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम (१९५९ ते १९६५) पार पडली आणि तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. अरबी समुद्रातील नायट्रोजनचा हिशेब मांडण्याचे मोठे काम या संस्थेत एस. डब्ल्यू. ए. नकवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले.

येथे एक गुंतागुंत उद्भवली. सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा अभ्यास करताना १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये एक निराळीच जीवाणू-क्रिया सापडली होती. प्राणवायूविना अमोनियम व नायट्राइट यांचा संयोग घडवून हे जीवाणू थेट नायट्रोजन वायू तयार करतात. या क्रियेस ‘अ‍ॅनामॉक्स’ म्हणतात. २००३ नंतर ती काळा समुद्र व इतरत्र समुद्राच्या पाण्यातही आढळली आणि विनायट्रीकरणाला आजवर दिलेले श्रेय वस्तुतः अ‍ॅनामॉक्सचे तर नाही ना, असा प्रश्न उभा राहिला.

वरवर पाहता हा वाद निव्वळ नावाचा वाटतो. दोन्ही क्रियांत समुद्रातील उपयुक्त नायट्रोजन वायू होऊन निघून जातो, मग तो कोणी घालवला याने काय फरक पडतो? फरक मोठा पडतो. विनायट्रीकरण करणाऱ्या जीवाणूंना सेंद्रिय पदार्थ लागतात. म्हणून वरच्या थरात बहर वाढला व अधिक अवशेष खाली आले, तर त्यांचे काम वाढते. त्या क्रियेच्या मधल्या पायरीवर नायट्रस ऑक्साइड हा वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे. अ‍ॅनामॉक्स जीवाणू मात्र कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचे अन्न तयार करतात, नायट्रस ऑक्साइड निर्माण करत नाहीत आणि अमोनियमच्या पुरवठ्यावर अवलंबून असतात. प्रतिमानात यांपैकी कोणाचे समीकरण घालावयाचे यावर भविष्यातील वायू-उत्सर्जनाचा अंदाज सर्वस्वी बदलतो.

बेस वॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ मधील शोधनिबंध या दृष्टीने निर्णायक ठरला. या चमूत भारतीय संशोधकांचाही सहभाग होता. अरबी समुद्राच्या मध्यवर्ती भागात नायट्रोजनचा ऱ्हास मुख्यतः विनायट्रीकरणानेच होतो, असे त्यांना आढळले. त्यानंतर २०११ मध्ये ओमानच्या किनाऱ्यालगत झालेल्या अभ्यासात तेथे अ‍ॅनामॉक्सचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले. एकाच समुद्रात, एकाच पट्ट्यात, दोन ठिकाणी दोन निराळे कामकरी. त्यातही विनायट्रीकरणाची सगळी साखळी एकच जीवाणू पूर्ण करतो असे नाही. कोणी नायट्रेटचे नायट्राइट करून थांबतो, तर कोणी केवळ नायट्रस ऑक्साइडचा नायट्रोजन करतो. पहिल्या प्रकारचे जीवाणू जास्त आणि शेवटच्या प्रकारचे कमी असतील, तर मधला वायू साचून वर येतो. त्यामुळे सूक्ष्मजीवांचे वितरण ही येथे केवळ वर्गीकरणशास्त्राची बाब राहत नाही.

बंगालच्या उपसागराचा दाखला

या मुद्द्याचा सर्वांत बोलका दाखला भारताच्या पूर्वेकडे मिळतो. बंगालच्या उपसागरातही प्राणवायू-न्यून पट्टा आहे, पण अरबी समुद्रासारखा नायट्राइटचा साठा तेथे नाही आणि नायट्रोजनचा लक्षणीय ऱ्हासही नाही. मग तेथे आवश्यक ते जीवाणूच नाहीत काय? ब्रिस्टो, नकवी व इतरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या प्रश्नाचे उत्तर ‘आहेत’ असे दिले. नायट्रोजन घालवू शकणारे जीवाणू तेथे हजर आहेत. परंतु पाण्यात प्राणवायूचा अतिसूक्ष्म अंश शिल्लक आहे. तो इतका कमी आहे की १८८८ पासून प्रचारात असलेल्या विंक्लर पद्धतीने तो शून्यापासून वेगळा ओळखता येत नाही. नव्या अतिसंवेदनशील शोधकांनीच तो पकडता आला. तेवढ्या अंशामुळे नायट्राइट साचत नाही आणि ते जीवाणू जणू कच्च्या मालाविना बसून राहतात.

हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी विचार करावयास लावणारा आहे. जीवाणूंची उपस्थिती म्हणजे त्यांची क्रिया नव्हे, हा त्याचा एक अर्थ. केवळ जनुकांची यादी करून प्रतिमान सुधारत नाही, हे अशा याद्यांच्या उत्साहात अनेकदा विसरले जाते. दुसरा अर्थ अधिक गंभीर आहे. उपसागरातील तो सूक्ष्म अंश नाहीसा झाला तर काम सुरू करण्यास जीवाणू तयारच आहेत. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतून येणारी खते वाढली किंवा पाणी तापून प्राणवायूचा पुरवठा घटला, तर ही सीमा ओलांडली जाऊ शकते. हा उंबरठा ज्या प्रतिमानात नाही ते प्रतिमान आजचा उपसागर अचूक दाखवील आणि उद्याचा चुकीचा.

गोव्याचा किनारा

पश्चिम किनाऱ्यावर मात्र अशा बदलाचे प्रत्यक्ष निरीक्षण करता येते. नैऋत्य मोसमी काळात कमी प्राणवायूचे खोल पाणी भारताच्या समुद्रबूड जमिनीवर सरकते. एरवी लाटांनी ढवळून त्यात हवा मिसळली असती. परंतु पावसाचे व नद्यांचे गोडे पाणी हलके असल्यामुळे वर पसरते आणि पातेल्यावर झाकण बसावे तसे बसते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात झाकणाखालचा प्राणवायू संपत जातो, मग नायट्रेट संपते आणि काही वेळा सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होण्यापर्यंत मजल जाते. नकवी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये या पाण्यात नायट्रस ऑक्साइडचे असाधारण प्रमाण नोंदवले. गोव्यातील कांदोळीसमोरील समुद्रात १९९७ पासून ठरावीक ठिकाणी पुनःपुन्हा केल्या गेलेल्या मोजणीमुळे हा वार्षिक क्रम स्पष्ट झाला. जगातील सर्वांत विस्तीर्ण नैसर्गिक किनारी प्राणवायू-न्यून क्षेत्रांत आपल्या पश्चिम किनाऱ्याची गणना होते. तळालगत राहणाऱ्या मासळीचा व कोळंबीचा अधिवास याच पाण्यात आहे, हे वेगळे सांगावयास नको.

अनेक जागतिक प्रतिमानांच्या जाळीतील एक चौकट सुमारे १०० किलोमीटर रुंदीची असते. गोव्याजवळील समुद्रबूड जमिनीची सर्व रुंदी अशा एखाद्या चौकटीतच सामावते. काही मीटर जाडीचे गोड्या पाण्याचे झाकण, त्याखाली प्राणवायूवर जगणारे, नायट्रेटवर जगणारे व सल्फेटवर जगणारे असे जीवाणूंचे एकामागून एक येणारे समूह आणि अवघ्या दोन-तीन महिन्यांचा कालावधी, हे सर्व त्या चौकटीच्या सरासरीत बुडून जाते. अरबी समुद्राचा प्राणवायू दाखवताना जागतिक प्रतिमानांत आपसांत मोठा मतभेद दिसतो याची कारणे अनेक आहेत. त्यात पर्शियन आखात व तांबडा समुद्र यांतून येणाऱ्या पाण्याचे अपुरे चित्रण हेही एक आहे. मात्र सूक्ष्मजीवांची बाजू त्या तुलनेत अधिक दुर्लक्षित राहिली आहे.

हिरवे पाणी, पण कोणाचे?

उपग्रहाला समुद्राचा रंग दिसतो आणि त्यावरून हरितद्रव्य मोजले जाते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना देते तीही पृष्ठभागाचे तापमान व हरितद्रव्य यांच्या आधारेच. ही सेवा उपयुक्त आहे. पण हरितद्रव्य कोणाच्या शरीरातील आहे हे रंगावरून सहज समजत नाही.

एकेकाळी ईशान्य अरबी समुद्राचा हिवाळी बहर मुख्यतः डायटम, म्हणजे करंडक वनस्पतींचा असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे नॉक्टिल्युका सिंटिलान्स या जीवाचे दाट हिरवे बहर येऊ लागले. मुंबई व कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळसर चमकतात त्याचे एक कारण हाच जीव होय. त्याचे राहणीमान मोठे चमत्कारिक आहे. तो इतर प्लवकांना गिळून खातो आणि शिवाय स्वतःच्या शरीरात हजारो सूक्ष्म हिरव्या पेशी बाळगून त्यांच्या प्रकाशसंश्लेषणावरही जगतो. चार खात्यांच्या खतावणीत त्याला वनस्पतीत टाकावे की प्राण्यात, हाच प्रश्न आहे. डायटमांना खाणारे नेहमीचे प्राणी-प्लवक नॉक्टिल्युकाला फारसे खात नाहीत. त्याच्यावर साल्प व जेलीसारखे प्राणी ताव मारतात आणि बाजारात किंमत येईल अशा मासळीपर्यंत त्यातील थोडेच पोहोचते. म्हणजे उपग्रहाच्या नकाशावर हिरवा रंग तेवढाच राहतो, पण अन्नसाखळी बदललेली असते.

हा बदल का घडला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मूळचे गोव्याच्या संस्थेतील संशोधक जोआकिम गोएस व हेल्गा गोम्स आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये त्याचा संबंध वरच्या थरापर्यंत पोहोचणाऱ्या कमी प्राणवायूच्या पाण्याशी जोडला. पुढे २०२० मध्ये त्यांनी हिमालय-तिबेट प्रदेशातील बर्फ घटल्याने हिवाळी वारे उबदार व दमट झाले आणि समुद्राचे मिसळणे मंदावले, असा दुवा मांडला. याउलट हैदराबादच्या केंद्रातील संशोधकांनी २०१८ मध्ये असे बहर दाखवून दिले की जेथे पाण्यात प्राणवायूची कमतरता नव्हतीच. एकूण उत्पादनाबद्दलही असाच पेच आहे. गोएस व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पश्चिम अरबी समुद्र अधिक उत्पादक होत असल्याचे मांडले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये, सहा दशकांचा विचार करता, पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पती-प्लवकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे दाखवले. पहिल्या निष्कर्षाचा आधार काही वर्षांचा होता, तर दुसऱ्याचा दीर्घकालीन प्रतिमानांचा. कालखंड वेगळे असल्याने हे निष्कर्ष परस्परांना सर्वस्वी छेद देतात असे म्हणता येणार नाही. तथापि दोहोंचे चलन हरितद्रव्य हेच आहे आणि ज्या समुद्रात डायटमची जागा नॉक्टिल्युका घेत आहे तेथे केवळ या चलनात हिशेब मांडणे धोक्याचे ठरते.

याच संदर्भात ट्रायकोडेस्मियमचाही उल्लेख करावयास हवा. उन्हाळ्याच्या महिन्यांत पश्चिम किनाऱ्यालगत लाकडाच्या भुशासारखा थर पाण्यावर तरंगताना दिसतो तो या नील-हरित जीवाणूचा. हरभऱ्याच्या किंवा भुईमुगाच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू जे काम करतात तेच हा समुद्रात करतो, म्हणजे हवेतील नायट्रोजन बांधतो. गोव्याच्या संस्थेतील देवासी, भट्टतिरी व कासिम यांनी १९७० च्या दशकातच या बहराचा व त्यापाठोपाठ येणाऱ्या प्लवकांच्या क्रमाचा अभ्यास केला होता. खालच्या थरात नायट्रोजन घालवणारे आणि वरच्या थरात तो परत आणणारे, असे दोन्ही प्रकारचे जीवाणू एकाच समुद्रात वावरतात. जमा व खर्च यांची ठिकाणे व ऋतू भिन्न असल्याने वार्षिक सरासरी येथे फारशी उपयोगी पडत नाही.

नवी मांडणी व तिच्या मर्यादा

सूक्ष्मजीवांची विविधता प्रतिमानात कशी आणावी याची एक वाट मिक फॉलोज, सॅली चिझम व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवली. त्यांनी वनस्पती-प्लवकांचे एक-दोन प्रकार ठरवून देण्याऐवजी ७८ काल्पनिक प्रकार संगणकातील महासागरात सोडले. प्रत्येकाची वाढीची गती, प्रकाशाची व तापमानाची गरज यदृच्छेने ठरवली आणि कोण कोठे टिकतो ते पाहिले. बहुतेक प्रकार नष्ट झाले व मोजके टिकले. टिकलेल्यांत प्रोक्लोरोकॉकसशी साधर्म्य असणारे प्रकारही उष्ण, पोषकद्रव्यांनी गरीब अशा पाण्यात, म्हणजे प्रत्यक्षात तो जेथे सापडतो तेथेच, आढळले. अशा प्रतिमानाची परीक्षा घ्यावयाची तर प्रत्यक्ष समुद्रातील वितरणाचे नकाशे हवेत. हरितद्रव्याचा एक आकडा त्यासाठी पुरत नाही.

असे नकाशे तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. २००९ ते २०१३ या काळात ‘तारा’ या शिडाच्या जहाजाने जगभरातील प्लवकांचे नमुने गोळा केले आणि त्यात हिंदी महासागराचाही समावेश होता. मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ‘सिंधु साधना’ हे जहाज विशाखापट्टणम येथून सुमारे ९० दिवसांच्या मोहिमेवर निघाले. हिंदी महासागराच्या निरनिराळ्या भागांतून व खोलींतून पाणी, गाळ व सूक्ष्मजीवांचे नमुने घेऊन त्यांचा जनुकीय अभ्यास करणे हा तिचा उद्देश होता. लोह, जस्त यांसारख्या अल्पांश धातूंचे मापनही त्याच मोहिमेत योजले होते. सूक्ष्मजीवांच्या विकरांना हे धातू लागतात, म्हणून ही जोडणी महत्त्वाची आहे.

नमुन्यांच्या काळाचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. अरबी समुद्रातील सर्वांत मोठ्या घडामोडी जून ते सप्टेंबर या महिन्यांत घडतात आणि त्याच महिन्यांत समुद्र खवळलेला असल्याने लहान बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मोठ्या जहाजांवरही काम अवघड होते आणि उपग्रहाची दृष्टी ढगांनी झाकलेली असते. ही उणीव काही अंशी स्वयंचलित तरंगकांनी भरून निघत आहे. हे तरंगक दर काही दिवसांनी खोल बुडी मारून वर येतात आणि तापमान, क्षारता, प्राणवायू, काही तर हरितद्रव्य व नायट्रेटसुद्धा मोजून उपग्रहामार्फत कळवतात. भर पावसाळ्यातील प्राणवायूचा आलेख आता मिळू शकतो. त्या आलेखात नायट्रेट जेथे एकाएकी घटलेले दिसते तेथे ते विनायट्रीकरणाने गेले की अ‍ॅनामॉक्सच्या मार्गाने, हे तरंगक सांगत नाही. त्यासाठी आजही जहाज त्या जागी न्यावे लागते, दोरावरून बाटली सोडावी लागते आणि हवेचा स्पर्श न होऊ देता ते पाणी वर काढावे लागते.